रेड हेरिंग: मासा, शिकारी कुत्री आणि नेपोलियनच्या पराभवाची खोटी बातमी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘शेअर बाजारात नवी कंपनी आली की तिचं रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस निघतं. रहस्यकथेच्या परीक्षणात अमुक पात्र रेड हेरिंग आहे असं वाचायला मिळतं. वादात कुणी विषय बदलला तरी रेड हेरिंगच म्हणतात. या सगळ्याचा माशाशी काय संबंध? आणि पळून जाणारे कैदी मागावरच्या कुत्र्यांना चुकवायला वाटेत हा मासा टाकत, ही गोष्ट खरी आहे का?’

इंग्रजीतून मराठीत भाषांतर हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय. कोर्टाची कागदपत्रं, कंपन्यांचे अहवाल, कादंबऱ्या, सगळं हातून जातं आणि हा शब्द या तिन्ही ठिकाणी भेटतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवणारी, स्वतःकडे ओढून घेणारी पण प्रश्नाशी संबंध नसलेली गोष्ट म्हणजे रेड हेरिंग. कैद्यांची गोष्ट या वाक्प्रचाराचं मूळ नाही. शिकारी कुत्र्यांचा संबंध आहे, पण लोक समजतात त्याच्या जवळजवळ उलटा. आजचा अर्थ रुजला तो लंडनच्या एका साप्ताहिकातून, १८०७ च्या फेब्रुवारीत, आणि त्याला निमित्त होतं नेपोलियन हरल्याच्या खोट्या बातमीचं.

आता माशापासून सुरुवात करू, कारण मासा कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. लाल हेरिंग नावाची वेगळी जात समुद्रात नाही. हेरिंग हा उत्तर अटलांटिकमधला, आपल्या तारलीच्या कुळातला मासा. प्रचंड थव्यांनी फिरतो, चांदीसारखा चमकतो आणि अंगात तेल भरपूर. तेलकट मासा फार लवकर नासतो. बर्फ आणि रेल्वे येण्यापूर्वीच्या काळात तो किनाऱ्यापासून दूर पोचवायचा तर त्याला टिकाऊ करणं भाग होतं. नुसत्या मिठात पिंपात भरला तर तो पांढरा हेरिंग. आणि सबंध मासा, आतडीसुद्धा न काढता, भरपूर मिठात मुरवून नंतर धुरीच्या खोलीत बरेच दिवस टांगून ठेवला की तो तांबूस तपकिरी पडायचा आणि लाकडासारखा कडक व्हायचा. हाच लाल हेरिंग. महिनोन्‌महिने टिकायचा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं ग्रेट यारमथ हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध होतं.

याला गिऱ्हाईकही हमखास होतं. ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या उपासात आणि शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो. त्यामुळे गरिबाच्या घरापासून मठाच्या कोठारापर्यंत हा मासा सगळ्यांच्या ओळखीचा. आणि त्याहून ओळखीचा त्याचा वास. पावसाळ्याच्या बेगमीला ज्यांच्या घरी खारा बांगडा आणि सुके बोंबील भरून ठेवतात, त्यांना हा वास समजावून सांगायला नको: डबा इथे उघडला की तिकडे माजघरात कळतं.

कित्येक शतकं इंग्रजीत या शब्दांचा अर्थ फक्त एवढाच होता, खाण्याचा मासा. जॉन हेवुडच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात ‘ना मासा, ना मांस, ना चांगला लाल हेरिंग’ अशी म्हण आहे. जे कशातच मोडत नाही त्याला ती लावत. तिच्यात फसवणुकीचा मागमूस नाही. उलट लाल हेरिंग तिथे ‘चांगला’ आहे. एखाद्या शब्दाचा आजचा अर्थ जुन्या मजकुरात शोधायला गेलं की अशी जागा हटकून लागते. शब्द तोच असतो आणि अर्थ अजून यायचा असतो.

कुत्रे या कथेत येतात ते इथून. १५९९ मध्ये टॉमस नॅशने यारमथच्या लाल हेरिंगची स्तुती गाणारं एक खुसखुशीत पुस्तक लिहिलं. माशाचे नाना उपयोग सांगताना तो म्हणतो, शिकारी कुत्र्यांना वासाच्या मागे ओढायचं तर लाल हेरिंगच्या कातड्याला तोड नाही. शब्दांकडे नीट पाहा: वासामागे ओढायचं, वासापासून तोडायचं नाही. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात निकोलस कॉक्सचं शिकारीवरचं एक पुस्तक फार खपलं. त्याला घोडेस्वारीवरचा जेरार्ड लँगबेनचा एक भाग जोडलेला होता. शिकारीच्या घोड्याला कुत्र्यांच्या टोळीबरोबर धावायची सवय कशी लावावी हे त्यात सांगितलं आहे. मेलेलं मांजर किंवा कोल्हा, अगदीच काही नसलं तर लाल हेरिंग, दोरीला बांधून तीन-चार मैल जमिनीवरून ओढत न्यावं, मग कुत्रे त्या मागावर सोडावेत आणि घोडा त्यांच्यामागे घालावा. म्हणजे खरा प्राणी सापडो न सापडो, धाव ठरल्या वाटेने होणार.

इथेही फसवणूक नाही. माशाचा वास हाच त्या दिवशीचा माग, आणि कुत्र्यांनी तो धरावा हीच अपेक्षा. तरी नंतरच्या अनेकांनी या मजकुराचा अर्थ असा लावला की कुत्र्यांची परीक्षा पाहायला कोल्ह्याच्या मागावर आडवा हेरिंग ओढत, आणि जो कुत्रा भुलत नाही तो पक्का समजत. ऐकायला इतकं पटतं की कोशांमध्येसुद्धा हे स्पष्टीकरण बराच काळ नांदलं. मूळ मजकूर उघडून वाचला तर त्यात असं काहीही नाही. जेराल्ड कोहेन आणि रॉबर्ट स्कॉट रॉस या अभ्यासकांनी या शतकाच्या सुरुवातीला हे जुने उतारे पुन्हा तपासले, आणि वाक्प्रचाराचा धागा विल्यम कॉबेटपर्यंत नेऊन पोचवला.

कॉबेटवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तो माणूसच तसा होता. सरे परगण्यातल्या फार्नहॅम गावी १७६३ मध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्म, तरुणपणी सैन्यात नोकरी, नंतर पत्रकार. १८०२ पासून तो ‘पोलिटिकल रजिस्टर’ हे साप्ताहिक चालवत होता. सैनिकांना चाबकाने फोडून काढल्याविरुद्ध लिहिलं म्हणून १८१० मध्ये त्याला न्यूगेटच्या तुरुंगात दोन वर्षं टाकलं. त्याने तिथूनही पत्र चालवलं. १८१६ मध्ये त्याने दोन पेन्सांत स्वस्त आवृत्ती काढली आणि तो कामगारांच्या घरापर्यंत पोचला. पुढे १८३२ मध्ये तो पार्लमेंटात निवडूनही गेला. त्याची भाषा शेताच्या बांधावरची, ठसठशीत, चित्रं उभी करणारी. वाक्प्रचार अशा माणसांच्या तोंडून पसरतात.

१४ फेब्रुवारी १८०७ च्या अंकात तो लंडनच्या दैनिकांवर तुटून पडला. नेपोलियनचा युरोपात पराभव झाल्याची बातमी आली होती, दैनिकं तिच्यामागे धावत सुटली होती आणि देशातले महत्त्वाचे प्रश्न बाजूला पडले होते. बातमी खोटी निघाली. कॉबेट लिहितो, लहानपणी आम्हाला एखादा ससा शिकाऱ्यांपासून वाचवून स्वतःसाठी राखायचा असला की पहाटेच त्याच्या जागेवर जायचं, दोरीला बांधलेला लाल हेरिंग तिथून चार-पाच मैल कुंपणांवरून, चरांतून, शेतांतून, झाडीतून ओढत न्यायचा. शिकाऱ्यांचे कुत्रे त्या वासामागे इतके लांब जात की परत ससा होता तिथे येण्याची भीती उरत नसे. पुढे तो म्हणतो, दैनिकांच्या संपादकांना मी कुत्र्यांची उपमा देतो आहे असं कुणी समजू नये, कुत्र्यांइतका शहाणपणा आणि इमान त्यांच्यात निम्मंसुद्धा नाही. पण या वेळी कुणा राजकीय भुलवणाऱ्याने त्यांना नादी लावलं असावं. आणि मग ते वाक्य येतं ज्यात मासा पहिल्यांदा ठळकपणे राजकारणात शिरतो: हा सगळा राजकीय लाल हेरिंगचा तात्पुरता परिणाम होता, शनिवारी तो वास दगडासारखा थंड पडला.

हा उतारा वाचला की वाक्प्रचाराचं सगळं यंत्र उघडं होतं. ससा म्हणजे खरा प्रश्न. कुत्रे म्हणजे माग काढण्याचं काम ज्यांचं आहे ते लोक, पत्रकार असोत, न्यायाधीश असोत की वाचक. दोरी ओढणारा म्हणजे ज्याला ससा स्वतःसाठी हवा आहे तो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वास. तो खरा असतो. कुत्रे मूर्ख नसतात. ते नाकाला जे मिळालं त्याचा प्रामाणिकपणे माग काढतात. चलाखी एवढीच, की ससा जिकडे आहे तिकडे हा माग जात नाही. पुढे १८३३ मध्ये कॉबेटने ही गोष्ट पुन्हा सांगितली, आणि शतक संपेपर्यंत इंग्रजी वर्तमानपत्रांत शब्द इतका मुरला की मागची गोष्ट सांगायची गरजच उरली नाही.

मग कैदी कुठून आले? गोष्ट सोपी व्हावी म्हणून आले असं मला वाटतं. ससा, घोडेस्वारी, संपादक यांच्यापेक्षा रात्रीच्या काळोखात पळणारा माणूस आणि मागे भुंकणारे कुत्रे हे चित्र डोळ्यांसमोर चटकन उभं राहतं. पण व्यवहारात ते लटपटतं. पळणाऱ्या माणसाच्या पायाखालचा वास मासा टाकल्याने पुसला जात नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हा प्रयोगच केला होता. कुत्रा थांबला, मासा खाल्ला, थोडा वेळ माग हरवला, मग मागे येऊन पुन्हा तोच माग धरून माणसापर्यंत पोचला.

कुठल्याही वाक्प्रचाराची गोष्ट ऐकली की मी पहिल्यांदा तारीख विचारतो. गोष्ट सांगणारा लेख केव्हाचा, आणि वाक्प्रचार छापील स्वरूपात त्याआधी कुठे, कोणत्या अर्थाने दिसतो? वाक्प्रचाराच्या शे-दोनशे वर्षांनंतर पहिल्यांदा सांगितलेली, पण ‘पूर्वी लोक असं करत’ अशा थाटाची गोष्ट बहुधा नंतर रचलेली असते. मराठी म्हणींच्या उगमकथांनाही हाच नियम लावावा असं मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

आता वापराकडे. राजकारणातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचं. ऑगस्ट १९४८ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाची एक समिती सरकारी नोकरीतल्या कम्युनिस्ट हेरांच्या चौकशीत गुंतली होती. महागाईवरून लोकांचं लक्ष उडवायला हे रेड हेरिंग आहे का, असं पत्रकारांनी विचारलं आणि ट्रुमन यांनी होकार दिला. कम्युनिस्टांनाही ‘रेड’ म्हणत, त्यामुळे शब्द दुहेरी बसला आणि देशभर फिरला. पण त्याच चौकशीत नाव आलेल्या ॲल्जर हिस या माजी अधिकाऱ्याला जानेवारी १९५० मध्ये शपथेवर खोटं बोलल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि विरोधकांनी तो शब्द ट्रुमन यांच्यावर उलटवला. एखादी गोष्ट रेड हेरिंग आहे असं म्हणणं हा स्वतःच एक दावा आहे, आणि त्याला पुरावा लागतो. नुसतं लेबल चिकटवून प्रश्न उडवून लावता येत नाही. आपल्याकडच्या वाहिन्यांवरच्या चर्चांत मात्र हा शब्द नेमका तसाच वापरला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. रेड हेरिंग म्हणजे खोटं नव्हे. समजा गावच्या पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा हिशेब मागितला आणि उत्तर मिळालं, ‘आमच्या सरपंचांनी करोनात स्वतःच्या खिशातून धान्य वाटलं होतं.’ धान्य खरोखर वाटलेलं असेल. वाक्य शंभर टक्के खरं आणि हिशेबाच्या प्रश्नाला शंभर टक्के गैरलागू. समोरच्याच्या तोंडी त्याने न म्हटलेलं वाक्य घालून मग ते खोडून काढणं हा वेगळा दोष आहे, त्याला हा शब्द लावू नये. हेतू असलाच पाहिजे असंही नाही. डॉक्टर मंडळी हा शब्द सर्रास वापरतात. रुग्णाच्या तपासणीत एखादा आकडा वाढलेला दिसतो, सगळे त्याच्यामागे लागतात आणि शेवटी तो आजाराशी संबंध नसलेला निघतो. तिथे कुणी दोरी ओढलेली नसते, तरी तो रेड हेरिंगच. ‘रेड फ्लॅग’ मात्र याच्या अगदी उलट. ती धोक्याची खूण असते आणि तिच्याकडे लक्ष द्यायचंच असतं. मराठी बातम्यांत या दोहोंची अदलाबदल झालेली मी अनेकदा दुरुस्त केली आहे.

रहस्यकथेत हा शब्द तंत्राचा भाग झाला. डोरोथी सेयर्सने १९३१ च्या एका कादंबरीच्या नावातच पाच रेड हेरिंग घातले. स्कॉटलंडमध्ये एका चित्रकाराचा मृत्यू होतो, सहा चित्रकारांवर संशय, त्यातले पाच निव्वळ चकवण्यासाठी. आगाथा ख्रिस्तीने त्याहून चलाख काम केलं. तिच्या १९३९ च्या, दहा माणसं बेटावर अडकतात त्या कादंबरीत एक बालगीत आहे. त्यात समुद्रावर गेलेल्या चौघांपैकी एकाला लाल हेरिंग गिळतो. इंग्रजी वाचकाला ती ओळ उघड इशारा देते की इथे कुणाला तरी फसवलं जात आहे. भाषांतरात ‘लाल मासा’ लिहिलं की ओळ निरुपद्रवी होते आणि लेखिकेने प्रामाणिकपणे समोर ठेवलेला धागा मराठी वाचकाच्या हाती लागतच नाही. ही ओळ माझ्या वाट्याला आली तर मी मासा सोडून देईन आणि ‘चौघे गेले दर्यावरती, चकव्याने एक नेला’ असं काहीतरी करेन. चकवा लागणं म्हणजे काय हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं: वाट ओळखीची, पाय चालताहेत, पण माणूस भलतीकडेच जातो आहे.

आता शेअर बाजार. तिथल्या नावाला फसवणुकीचा अर्थ नाही, हे गुंतवणूकदारांनी आधी लक्षात घ्यावं. हे नाव अमेरिकेतून आलं. तिथल्या १९३३ च्या रोखे कायद्यानुसार कंपनी आधी कागदपत्रं दाखल करते आणि नोंदणी अमलात येईपर्यंत प्राथमिक माहितीपत्रक वाटू शकते. त्या माहितीपत्रकावर लाल शाईत इशारा छापत की ही अंतिम विक्रीची ऑफर नाही, मजकूर बदलू शकतो. त्या लाल शाईवरून माहितीपत्रकाला हे माशाचं नाव पडलं. भारतात १९५६ च्या कंपनी कायद्यात २००० सालच्या दुरुस्तीने ही संज्ञा आली, आणि आता २०१३ च्या कायद्याच्या कलम ३२ मध्ये ती आहे. ज्या माहितीपत्रकात विकायच्या रोख्यांची संख्या किंवा किंमत पूर्णपणे दिलेली नसते, ते रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस. कारण साधं आहे: आपल्याकडे किंमत बोलींतून ठरते. आधी किमतीचा पट्टा जाहीर होतो, गुंतवणूकदार त्यात बोली लावतात, मग अंतिम भाव निघतो. अंतिम भाव ठरण्यापूर्वीच बाकी सगळी माहिती लोकांसमोर यायला हवी, म्हणून हा दस्तऐवज. तो विक्री सुरू होण्याच्या किमान तीन दिवस आधी कंपनी निबंधकाकडे दाखल करावा लागतो. त्याच्याही आधी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, जातो तो कच्चा मसुदा, म्हणजे ज्याला बाजारात ‘डीआरएचपी’ (ड्राफ्ट रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस) म्हणतात तो. थोडक्यात, या मासळीच्या नावाखाली कंपनीचे धोके, कर्जं, कोर्टातले खटले, पैसा कुठे वापरणार हे सगळं उघड लिहिलेलं असतं. नावाला बिचकून ते न वाचणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी ‘जोखीम घटक’ हे प्रकरण तरी नक्की वाचावं.

शेवटी, मराठीत लिहिताना काय वापरावं? एकच शब्द सगळीकडे बसत नाही. वादात कुणी स्वतः प्रश्न टाळत असेल तर ‘बगल देणं’ पुरतं, पण बगल देणारा फक्त स्वतः निसटतो. रेड हेरिंगमध्ये दुसऱ्याला भलत्या वाटेला लावणं येतं. चर्चेत एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा विषय काढत बसणं म्हणजे ‘फाटे फोडणं’. कुणी मुद्दाम खोटी आवई उठवून लोकांना पळवलं तर ‘हूल’ हा शब्द अगदी नेमका. कॉबेटच्या काळातली ती नेपोलियनची बातमी म्हणजे हूलच होती. रहस्यकथेत ‘चकवा’. डॉक्टरांच्या किंवा तपास अधिकाऱ्यांच्या संदर्भात ‘भलता माग’. आणि कंपनीच्या कागदपत्रांत मात्र भाषांतराच्या नादी लागू नये. ‘रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस’ हेच नाव देवनागरीत लिहावं आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘अंतिम किंमत न दिलेलं माहितीपत्रक’ असा खुलासा जोडावा. ती कायद्यातली संज्ञा आहे, आणि गुंतवणूकदाराला अर्जावर, बँकेच्या ॲपमध्ये, सेबीच्या संकेतस्थळावर तेच नाव दिसणार आहे.